शनिवारचे दोन तास

शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ मी अमेरिकन साहित्य शिकवते, असे सांगितले की ओळखीचे लोक आधी हसतात. त्यांचेही बरोबर आहे. माझे शिक्षण एम.ए. उर्दू, बी.एड. नोकरीची सगळी वर्षे उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी आणि उर्दू शिकवण्यात गेली. इंग्रजी साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. ज्यांना शिकवते त्यांतले काही बारावी नापास, काही दहावीनंतर सुटलेले, काही मदरशातून आलेले, दोघीतिघी लग्नानंतर पुन्हा शिकायला निघालेल्या. शहरातल्या एका संस्थेचा एक वर्षाचा कौशल्य अभ्यासक्रम आहे, त्याचा हा वर्ग. कोणी एसी दुरुस्ती शिकतो, कोणी टॅली, कोणी शिवणकाम. सगळ्यांना मिळून ‘भाषा व संवाद’ हा एक विषय असतो आणि तो माझ्याकडे आहे. अर्ज, बायोडाटा, मुलाखत हे आठवडाभरात होऊन जाते. शनिवारचे दोन तास मी गोष्टींना देते.

अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी कॉलेजे आहेत. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी पहिले दोन वर्षांचे सरकारी कॉलेज निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळे ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. फी कमी, प्रवेशाला गुणांची चाळणी नाही, दिवसा काम करून संध्याकाळी शिकता येते. नर्सिंग शिकणारी, वेल्डिंग शिकणारा, नुकताच देशात आलेला निर्वासित असे सगळे तिथे एका बाकावर बसतात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. वेल्डिंग शिकणाऱ्यालाही तिथे पदवीकडे जायचे असेल तर साहित्याचा किंवा लेखनाचा वर्ग घ्यावा लागतो. आपल्याकडे युजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. तिच्यात सारा भर रोजगारावर आहे, आणि रोजगार हवाच. पण ज्याच्या हाताला काम शिकवायचे त्याला गोष्ट कशाला सांगायची, असे आपण सहज धरून चालतो.

आमच्या शहराला हे धरून चालणे शोभत नाही. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पदवीपर्यंत शिकायचे तर बहुतेकांना हैदराबाद गाठावे लागे. ज्याच्या घरात ऐपत होती तो गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात खेड्यापाड्यांतून मुले आली. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी पाटी धरलेली नव्हती. तिथे त्यांना फक्त कारकुनी शिकवली असती तरी लोकांनी दुवाच दिली असती. पण बाबासाहेबांनी नाव ठेवले मिलिंद. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे.

याच मिलिंदमध्ये अमेरिकन साहित्य खऱ्या अर्थाने मराठीत उतरले. अमेरिकेत शिकून आलेले इंग्रजीचे प्राध्यापक डॉ. म. ना. वानखेडे इथे प्राचार्य झाले. कृष्णवर्णीय लेखकांनी आपल्या जगण्यातून साहित्य कसे उभे केले, हे ते विद्यार्थ्यांना आणि लिहू पाहणाऱ्या तरुणांना सांगत. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते आयुष्यभर चालवले. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याच्याही किती आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते. अमेरिकेत कायद्याने गुलामी संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाला ती बातमी आपल्या घरची वाटली.

तेव्हा मी काही नवे करते आहे असे नाही. नवे इतकेच की माझ्या बाकांवर बहुतेक मुस्लिम मुले-मुली आहेत, आणि त्यांना हे कोणी आपले म्हणून सांगितलेले नाही.

सुरुवात मी नेहमी फ्रेडरिक डग्लसपासून करते. त्याचे आत्मकथन १८४५ चे. मूळ इंग्रजी परिच्छेद फळ्यावर लिहिते, मोठ्याने वाचते, मग आमच्या बोलीत सांगते. मेरीलँडमध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मलेला मुलगा. आपली जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. पुढे त्याने स्वतःच १४ फेब्रुवारी ठरवून घेतली. इथे वर्गात हशा पिकतो. कारण माझ्या वर्गात निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती आधार कार्डावर गेली आणि तीच खरी झाली. हसून झाल्यावर मी विचारते, स्वतः तारीख ठरवणे आणि दुसऱ्याने टाकलेली तारीख घेऊन जगणे यात फरक काय? त्या दिवशी हा प्रश्न अर्धा तास चालतो.

मग बाल्टिमोर. मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागते आणि मालक तिला थांबवतो. हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असे तो मुलाच्या देखतच सांगतो. डग्लस लिहितो की मालकाच्या त्या बोलण्यातूनच त्याला सुटकेची वाट कळली. पुढे तो घरातला पाव खिशात घालून बाहेर पडतो. गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना भूक असते आणि अक्षरे येत असतात. हा पाव देतो, ते अक्षर देतात. जहाजबांधणीच्या आवारात सुतार लाकडांवर खूण म्हणून एकेक अक्षर लिहीत, कोणते लाकूड जहाजाच्या कोणत्या बाजूला लागणार ते कळावे म्हणून. ती अक्षरे पाहून तो लिहायला शिकला.

गेल्या वर्षी इथपर्यंत आल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मै भी ऐसाइच सिक्या.” तो लहानपणापासून गॅरेजमध्ये काम करतो. शाळा तिसरीतच सुटली. पार्टच्या खोक्यांवरचे आकडे आणि अक्षरे बघून बघून तो इंग्रजी ओळखायला लागला. ऑइल सील, क्लच प्लेट, गॅसकेट हे त्याचे पहिले धडे. त्याने उभे राहून हे सांगितले आणि पुन्हा बसला. अर्जाच्या नमुन्यात ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यासमोर तो रेघ मारत असे. त्या दिवसानंतरही त्याची पात्रता काही बदलली नाही. पण वर्गात आता त्याला कोणी अनपढ म्हणत नाही, आणि तोही म्हणत नाही.

आमच्या मुलांना दोन भाषांत दोनदा लाज वाटायला शिकवलेले असते. उर्दूवाला म्हणतो, ही कसली उर्दू, मेरेकू-तेरेकू. मराठीवाला म्हणतो, तुमच्या मराठीला हेल आहे. घरात जी बोलतात ती दखनी. तिच्यातला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’ तर सरळ आपला मराठी ‘च’. वली आणि सिराज यांचे हे शहर, बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम कितीतरी वर्षे इथूनच चालवले. तरी इथल्या मुलाला शिक्षकासमोर तोंड उघडताना भीती वाटते, की आपली जबान चुकीची आहे.

म्हणून मी मार्क ट्वेन घेते. ‘हकलबरी फिन’ अमेरिकेत १८८५ मध्ये छापून आले. सगळी गोष्ट एका अर्धशिक्षित पोराच्या तोंडी, त्याच्याच बोलीत. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावच्या सार्वजनिक वाचनालयाने ते पुस्तक काढून टाकले. भाषा गावंढळ, संस्कार वाईट असे कारण दिले गेले. आज त्या पुस्तकाशिवाय अमेरिकन साहित्याचा अभ्यासक्रम होत नाही. मग झोरा नील हर्स्टन. १९३७ च्या आपल्या कादंबरीत तिने फ्लोरिडातल्या काळ्या माणसांची बोली जशीच्या तशी ठेवली. तिच्यावर टीका करणाऱ्यांत तिच्याच समाजातला मोठा लेखक होता, रिचर्ड राइट. गोऱ्यांना हसायला साहित्य पुरवतेस, असा त्याचा सूर. ती १९६० मध्ये गरिबीत वारली, कबरीवर नाव नव्हते. १९७३ मध्ये अॅलिस वॉकर या लेखिकेने ती कबर शोधून तिथे दगड बसवला.

हे ऐकून शिवणकाम शिकणारी एक बाई म्हणाली, “मॅडम, अपने लोगाँइच पैले हसते.” खरे आहे. परका हसला तर राग येतो. आपला हसला की माणूस बोलायचे थांबतो.

त्यानंतर मी लिहायला लावते. विषय एकच, ‘मी वाचायला कसा शिकलो, कशी शिकले’. भाषा कुठलीही, लिपी कुठलीही. काहींनी दखनी देवनागरीत लिहिली, काहींनी नस्तालीकमध्ये. एकीने लिहिले की तिची अम्मी दुकानाच्या पाटीवरचे रंग बघून बसचा थांबा ओळखते. पाटीचा रंग बदलला त्या दिवशी ती दोन थांबे पुढे गेली आणि घरी आल्यावर कोणालाच सांगितले नाही.

मदरशातून आलेला एक हाफिज मुलगा वर्गात होता. इंग्रजीच्या तासाला मान खाली. त्याच्यासाठी मी उमर इब्न सईद घेऊन गेले. आजच्या सेनेगलमधल्या फुता तोरो भागातला हा आलिम. १८०७ मध्ये त्याला गुलाम म्हणून अमेरिकेत, चार्ल्सटनच्या बंदरात उतरवले. तिथून तो पळाला, पकडला गेला, नॉर्थ कॅरोलिनातल्या तुरुंगात त्याने भिंतींवर अरबी लिहिले. १८३१ साली त्याने आपली जीवनकथा लिहिली, तीही अरबीत. मरेपर्यंत तो गुलामच राहिला. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्याची पाने इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.

मी पाने मोबाइलवर उघडून त्या मुलाच्या हातात दिली. तो आधी अडखळला. पश्चिम आफ्रिकेच्या वळणाची ती लिपी. त्या मगरिबी पद्धतीत ‘फे’चा नुक्ता खाली येतो आणि ‘काफ’ला वर एकच नुक्ता असतो. थोड्या वेळाने त्याची नजर बसली. सुरुवातीलाच सूरह मुल्क आहे हे त्याला कळले आणि मग पाहायची गरज उरली नाही, तो तोंडपाठ म्हणू लागला. वर्गात अमेरिकन साहित्याचे पान मुळातून वाचणारा तो एकटाच निघाला. मीही ते तितके सफाईने वाचू शकत नाही. वाचून झाल्यावर त्याने स्वतःच सांगितले की ‘मुल्क’ म्हणजे सत्ता, मालकी. ज्याला दुसऱ्याने विकत घेतले आहे तो माणूस आपली कथा मालकी कोणाची या सूरहने सुरू करतो. त्यावर मला काही समजावून सांगावे लागले नाही. पुढे उमरने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याच्या नोंदी आहेत आणि त्याच्या मनात नेमके काय होते यावर अभ्यासकांत वाद आहे, हेही मी सांगितले. मुलांनी तो वाद शांतपणे ऐकून घेतला.

इथवर सगळ्यांना बरे वाटते. जुलूम दुसऱ्याने केलेला असतो तेव्हा ऐकणे सोपे जाते. म्हणून मी पुढचा धडा घेतेच. तो अमेरिकेतला नाही.

आमच्या शहराचा पाया एका हबशी गुलामाने घातला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला मुलगा लहानपणी विकला गेला, हातोहात बगदादपर्यंत पोहोचला, तिथून दख्खनला आला. मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला आणि निजामशाहीचा कारभारी बनला. हाच मलिक अंबर. १६१० मध्ये त्याने खडकी गावी राजधानी वसवली, जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी दिले. शहाजीराजे त्याच्या फौजेतून भातवडीला लढले. १६२६ मध्ये तो वारला, खुलताबादला त्याचा मकबरा आहे. शहराच्या नावावरून आजवर इतका वाद झाला, त्यात खडकीच्या या हबशाचे नाव क्वचितच कोणी घेतले.

मुलांना मलिक अंबरचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण मी विचारते, त्याला विकले कोणी? विकत घेतले कोणी? बगदादच्या ज्या व्यापाऱ्याने त्याला अंबर हे नाव दिले तो कलमा पढणारा होता. उमर इब्न सईदला समुद्रापार नेणारे ख्रिस्ती होते, अंबरला नेणारे मुसलमान. गुलामाला मुक्त करणे सवाबाचे काम आहे हे आपण मुलांना शिकवतो. मग शेकडो वर्षे बाजार भरत कसा राहिला, हेही शिकवायला हवे.

या धड्यावर तक्रार आली. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला भेटून अदबीने सांगितले, “बाजी, बाहर वाले तो बोलतेच हैं, तुम अंदर से नक्को बोलो.” त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. ज्यांना रोज बाहेरून बोल ऐकावे लागतात, त्यांना घरात तरी कौतुक हवे असते. पण डग्लसही आपल्या लोकांबद्दल सगळे गोडच लिहीत नाही, हर्स्टनही लिहीत नाही, अॅलिस वॉकर तर मुळीच नाही. घरातल्या पुरुषाने बाईला मारलेले लपवावे, कारण गोरा हसेल, हा हिशेब तिने मानला नाही. १९८२ च्या तिच्या कादंबरीवर त्यासाठी तिच्याच समाजातून केवढी टीका झाली. तिला पुलित्झर मिळाले ही पुढची गोष्ट. मला त्यातून एवढेच घ्यायचे असते की माणूस आपल्या घराबद्दल खरे बोलला म्हणून घर सोडून जात नाही.

त्याच वर्गात दुसरीकडूनही प्रश्न आला. एक मुलगा म्हणाला, “अपना हाल भी कालों जैसाच है.” तेव्हा पुढे बसलेल्या एका दलित मुलीने मागे वळून विचारले, “आणि तुमच्या गल्लीत आम्हाला खोली भाड्याने मिळते का?” कोणी बोलले नाही. मग दुसऱ्या एका मुलीने आपल्या बिरादरीचे नाव सांगितले आणि म्हणाली, आम्हालाही तिथल्या चांगल्या घरांतून स्थळ येत नाही. तुलना अशी तुटते तेव्हा मला समाधान वाटते. वर्ण, जात, धर्म यांची दुखणी सारखी नाहीत. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकले होते, न्यूयॉर्क त्यांनी पाहिले होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. तुम्ही आणि आम्ही एकच आहोत असे सांगून ते थांबले नाहीत, त्यांना कागद हवा होता. तुम्ही कसे मांडले ते पाहू द्या, आमचे आम्ही मांडू. तुलनेचा उपयोग मला इतकाच दिसतो.

जूनपासून हा तास बंद होणार आहे. संस्थेने कळवले की शनिवारी मुलाखतीची तयारी आणि ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ घ्यायचे. त्यासाठी बाहेरून माणूस येईल. माझे अर्ज-बायोडाटाचे तास चालू राहतील. यावर भांडून उपयोग नाही. मुलांना नोकऱ्या लागाव्यात ही त्यांचीही इच्छा आहे, माझीही.

मुलांना सांगितले तेव्हा गॅरेजवाला मुलगा म्हणाला, रविवारी दुपारी गॅरेज बंद असते. गेल्या काही वर्षांत आमच्या शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची छोटी वाचनालये उभी राहिली आहेत. त्यांतल्याच एका खोलीत जुहरच्या नमाजनंतर बसायचे ठरले आहे. चटई आहे, पंखा आहे, फळा मी नेणार आहे. प्रमाणपत्र मिळणार नाही, हजेरी लागणार नाही. पहिल्या रविवारी माल्कम एक्सची गोष्ट आहे. तुरुंगात शब्दकोश उतरवून उतरवून तो वाचायला शिकला. हाफिज मुलाने विचारले आहे की आपणही उर्दू-मराठी शब्दकोश पहिल्या पानापासून उतरवायला घ्यायचा का. मी हो म्हटले आहे. दोनशे पानी वह्या आणायला सांगितल्या आहेत.